फ्रेम पार्टिशन म्हणजे नेमकं काय? तीन कोटेशनं, तीन वेगळ्या वस्तू

शून्य_गिलावा

पुण्यात एका गाळ्यात दवाखान्यासाठी तपासणीची खोली वेगळी करायची आहे. पार्टिशनची लांबी 14 फूट, स्लॅबपर्यंत उंची साडेदहा फूट. फॉल्स सीलिंग साडेआठ फुटांवर येणार. मध्ये 3 × 7 चा एक दरवाजा. गाळा भाड्याचा आहे, करार पाच वर्षांचा.

तीन ठिकाणांहून कोटेशन मागवलं. तिघांनीही एकच ओळ लिहिली आहे: "फ्रेम पार्टिशन, दोन्ही बाजूंनी फिनिश, दर चौ. फुटाला अमुक." दर मात्र दुपटीच्या फरकाने. फोन केल्यावर कळलं की एकजण जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं) चॅनेल आणि जिप्सम बोर्ड म्हणतोय, दुसरा लाकडी फ्रेमवर प्लाय आणि तिसरा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनमध्ये बोर्ड-काच.

1. यांची तुलना कशी करायची?
2. आतलं बोलणं बाहेर बसलेल्या पेशंटना ऐकू जाऊ नये, त्यासाठी काय लागतं?
3. नेटवर शोधलं तर याच नावाने व्हिडिओ कोडिंगची पानंसुद्धा येतात. तो काय प्रकार आहे? (हे निव्वळ कुतूहल.)

---

ओळंबा

तिघांपैकी कुणी फसवत नाहीये. आत सांगाडा आणि वर पत्रा, बोर्ड, प्लाय किंवा काच असं काहीही असलं की साइटवर त्याला फ्रेम पार्टिशनच म्हणतात. म्हणून कोटेशनमध्ये नावाकडे बघू नका, चार गोष्टी लिहून मागा: सांगाड्याचा सेक्शन आणि जाडी, उभ्या दांड्यांमधलं अंतर, वरचं आवरण किती मिमी व किती थर, आणि पार्टिशन वर कुठे थांबतं, स्लॅबला की फॉल्स सीलिंगला. चौथी गोष्ट नव्वद टक्के कोटेशनांत नसते आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिच्यातच आहे.

आधी जिप्समचं सांगतो, कारण तुमच्या कामाला तेच योग्य वाटतं.

खाली जमिनीला आणि वर स्लॅबला जीआय चॅनेल लागतो, दर 2 फुटांवर फास्टनर. त्यात उभे स्टड, म्हणजे त्या उभ्या दांड्या, 610 मिमी अंतराने. हे अंतर हवेतून आलेलं नाही. बोर्ड 1220 मिमी रुंद असतो, म्हणजे दोन बोर्डांचा सांधा बरोबर स्टडवर येतो आणि बोर्डाच्या मधोमध आणखी एक आधार मिळतो. टाइल लावायची किंवा जड वजन टांगायचं असेल तर 400 च्या आसपास घ्या.

बाजारात 48 आणि 70 मिमीचे स्टड सहज मिळतात. तुमची उंची साडेदहा फूट, म्हणजे 3.2 मीटर. एवढ्या उंचीला एका थराच्या बोर्डाखाली 48 मिमीचा स्टड कमी पडतो, दार आपटलं की पार्टिशन थरथरतं. 70 मिमी घ्या, पत्रा निदान 0.5 मिमीचा. काही ठेकेदार स्टडऐवजी फॉल्स सीलिंगचेच सेक्शन उभे करतात. ते लटकवण्यासाठी बनवलेले असतात. बोर्ड लावण्याआधी साइटवर जाऊन सांगाडा बघा, नंतर काहीच दिसत नाही.

तुमच्या मापाचा हिशोब: 14 फुटांना 610 च्या अंतराने 8 स्टड, दरवाज्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा, म्हणजे 10. बोर्ड 12.5 मिमी, 4 × 8 चे. उंची साडेदहा असल्याने प्रत्येक उभ्या पट्ट्यात अडीच फुटांचा तुकडा वर लागेल. दोन्ही बाजूंना एकेक थर धरला तर तुकड्यांची नासाडी पकडून 10 बोर्ड, दोन थरांना 20. वरचा आडवा सांधा सगळीकडे एकाच रेषेत येऊ देऊ नका. एका बोर्डाला तुकडा वर, शेजारच्याला खाली, असं आलटून-पालटून.

स्क्रू पहिल्या थराला 25 मिमी, दुसऱ्याला 35. मधल्या स्टडवर 300 मिमी अंतर, कडांना 200. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. फाटला की तो स्क्रू बोर्डाला धरतच नाही.

आता तडे. तक्रारी बहुतेक इथेच येतात, कारणंही ठरलेली असतात:

वरचा स्लॅब थोडा तरी वाकतो. स्टड वर घट्ट ठोकून बसवला तर तो भार बोर्डावर येतो. स्टड 10 मिमी आखूड कापायचा, वरच्या चॅनेलमध्ये नुसता सरकता ठेवायचा आणि बोर्ड स्टडला स्क्रू करायचा, वरच्या चॅनेलला नाही.

दरवाज्याच्या वरच्या कोपऱ्यातून तिरका तडा जातो. सुतार चौकटीच्या उभ्या रेषेतच बोर्डाचा सांधा घेतो, म्हणून. तिथे बोर्ड इंग्रजी एल आकारात कापून चौकटीच्या डोक्यावर न्यायचा आणि सांधा दरवाज्याच्या मध्यावर, वरच्या तुकडा-स्टडवर घ्यायचा.

तिसरं कारण सांध्यात पीओपी भरणं. जॉइंटिंग कंपाउंड आणि कागदी टेप यांना पर्याय नाही. पहिला हात, त्यात टेप दाबून, मग दुसरा आणि तिसरा, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद. आधीचा पूर्ण वाळल्याशिवाय पुढचा नाही. पावसाळ्यात याला जास्त दिवस लागतात आणि ठेकेदाराला घाई असते.

बोर्ड जमिनीपासून 10 मिमी वर ठेवायचा. दवाखान्यात रोज ओली फरशी पुसणार. बोर्ड फरशीला टेकला असेल तर पाणी वर चढतं आणि खालचे चार-सहा इंच भुसभुशीत होतात. फट सीलंटने भरून वरून स्कर्टिंग. हिरवा जिप्सम बोर्ड दमट हवेसाठी आहे, थेट पाण्याच्या माऱ्यासाठी नाही. हात धुण्याचं बेसिन या पार्टिशनवर येणार असेल तर त्या पट्ट्यात फायबर सिमेंट बोर्ड घ्या आणि मागे दोन स्टडच्या मध्ये आडवा आधार. तो आधार आत्ता सांगावा लागतो, बोर्ड लागल्यावर नाही.

वजनाचा मुद्दा कुणी काढला तर: एकेका थराचं जिप्सम पार्टिशन चौ. मीटरला 25 किलोच्या आत बसतं. दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली 4 इंची विटांची भिंत 250 किलोच्या आसपास. तुमच्या उंचीला विटांची भिंत धावत्या मीटरला 800 किलो होते. वरच्या मजल्यावरच्या गाळ्यात ती स्लॅबवर हवी तिथे उभी करता येत नाही.

---

रंधा_करवत

ओळंबा यांनी जिप्समचं सविस्तर लिहिलंय, लाकडाची बाजू मांडतो. लाकडी फ्रेम वाईट नसते, वाईट बनवली जाते.

सांगाडा 2 × 2 किंवा 2 × दीड इंचाचा, उभ्या-आडव्या खणांचा. कोटेशनमध्ये 2 × 2 लिहिलेलं लाकूड रंधा मारल्यावर पावणेदोन भरतं, ते चालतं. दीड भरलं तर विचारा. खण 2 × 2 फुटांचा असेल आणि वर 6 मिमी प्लाय असेल तर पार्टिशन ठोठावल्यावर ढोलासारखं वाजतं. स्वस्त कोटेशन इथेच स्वस्त झालेलं असतं. 9 मिमी घ्या किंवा खण दीड फुटांचा करा.

लाकूड ओलं आलं तर सगळंच बिघडतं. ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास हवा. ओल्या लाकडाची फ्रेम एसीच्या खोलीत आक्रसते, सांधे सुटतात आणि लॅमिनेटच्या कडा उचलतात. ओलावा मोजायचं पिनांचं यंत्र फार महाग नसतं, बऱ्याच सुतारांकडे ते नसतं ही वेगळी गोष्ट.

प्लाय आयएस 303 चा (साधा) की आयएस 710 चा (मरीन) ते बिलावर लिहून घ्या. कोरड्या खोलीत 303 पुरेसा. सगळीकडे "मरीन" लावून दर वाढवायची गरज नाही. जमिनीलगतच्या 1 फुटात मात्र 710 लावला तर पैसे वसूल. वाळवीचं औषध फ्रेमला आवरण चढण्याआधी मारायचं, जमिनीला टेकणाऱ्या पट्टीच्या खालच्या अंगालासुद्धा. तळमजला असेल तर हे टाळू नका.

लाकडाचा मोठा फायदा असा की कुठेही खिळा-स्क्रू मारा, कपाट टांगा. जिप्सममध्ये नुसत्या बोर्डावर भिंतीवरचं घड्याळ राहील, टीव्ही नाही. त्याला मागे 12 मिमी प्लायचा तुकडा स्टडमध्ये आधीच बसवावा लागतो.

मोजमापातला एक सापळा: जिप्समवाले साधारणपणे पार्टिशनचं एकच अंग मोजतात आणि दर दोन्ही बाजूंसकट असतो. काही सुतार फ्रेम एका अंगाने मोजतात आणि लॅमिनेट दोन्ही अंगांचं वेगळं लावतात. 14 × 10.5 म्हणजे 147 चौ. फूट. त्यातून दरवाज्याचे 21 वजा होणार की नाही हेही विचारा. चौकट वेगळी आकारणार असतील तर ते वजा व्हायलाच हवेत.

---

शून्य_गिलावा

खूप उपयोगी. अ‍ॅल्युमिनियमवाला म्हणतोय की गाळा सोडताना पार्टिशन काढून नेता येईल. त्यात तथ्य आहे का? आणि आवाजाचं कुणी नीट सांगेल का?

---

ओळंबा

तथ्य आहे. अ‍ॅल्युमिनियमचं पार्टिशन क्लिप-स्क्रूवर असतं, सुटं करून दुसरीकडे लावता येतं. माप मात्र नव्या जागेला क्वचितच जुळतं, सेक्शन पुन्हा कापावे लागतात. बाजारातला नेहमीचा सेक्शन अडीच-दीड इंची, म्हणजे 63 × 38 मिमीच्या आसपास. सेक्शनच्या पत्र्याची जाडी 1.2 मिमी आहे की 0.9 ते व्हर्नियरने बघा, नाहीतर एका लांबीचं वजन करा. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात. खाली 3 फूट प्री-लॅम, म्हणजे लॅमिनेट आधीच चिकटवलेला, पार्टिकल बोर्ड (आयएस 12823) आणि वर 5 मिमी काच ही नेहमीची रचना. बोर्डाची खालची कड पुसण्याच्या पाण्याने फुगते, तिला सेक्शनमध्ये नीट बसवून सीलंट हवं. काच गुडघ्याच्या खाली येत असेल किंवा दाराच्या शेजारी असेल तर टफन्ड घ्या. टफन्ड काच नंतर कापता येत नाही, म्हणून फ्रेम उभी झाल्यावरच माप घ्यायचं.

आवाज: अ‍ॅल्युमिनियममध्ये 12 मिमीचा एकेरी बोर्ड असतो, पलीकडचं साधं बोलणं शब्दन् शब्द कळतं. तपासणीच्या खोलीला हे चालणार नाही. जिप्सम एकेक थर, आत काही न भरता, एसटीसी (आवाज अडवण्याचं माप, आकडा मोठा तितका आवाज कमी जातो) सुमारे 35. मोठ्याने बोललेलं ऐकू येतं. आत 50 मिमी रॉकवूल किंवा ग्लासवूल (दगडाची किंवा काचेची लोकर) भरलं की 40 च्या वर जातं. दोन्ही बाजूंना दोन-दोन थर आणि लोकर केली तर 50 च्या जवळ, मग मोठ्या आवाजातलंही कळत नाही. तुम्हाला दोन थर पुरतील, दुसऱ्या थराचे सांधे पहिल्याच्या सांध्यांवर येऊ नयेत एवढं बघा.

पण हे सगळं पार्टिशन साडेदहा फुटांपर्यंत, स्लॅबला भिडत असेल तर. साडेआठ फुटांवर थांबलं तर आवाज फॉल्स सीलिंगच्या वरून दोन फुटांच्या मोकळ्या पोकळीतून सरळ पलीकडे जातो आणि थरांवर खर्च केलेला पैसा वाया. क्रम असा: आधी पार्टिशन स्लॅबपर्यंत, मग दोन्ही बाजूंना वेगवेगळं सीलिंग. एसीचा डक्ट किंवा वायरचा ट्रे पार्टिशनमधून जात असेल तर भोवतीची फट भरून घ्या.

बाकी राहतो दरवाजा. पोकळ फ्लश डोअर आणि खाली अर्धा इंच फट ठेवलीत तर भिंत कितीही चांगली असो, उपयोग नाही. भरीव दार, चौकटीला रबर आणि खाली ड्रॉप सील (दार बंद झालं की खाली उतरून फट बुजवणारी पट्टी).

---

बिट_रेट

तिसऱ्या प्रश्नासाठी. व्हिडिओत फ्रेम म्हणजे एक स्थिर चित्र आणि तिचं पार्टिशन म्हणजे त्या चित्राचे चौकोनी तुकडे पाडणं. प्रत्येक तुकड्यासाठी एन्कोडर (व्हिडिओ आकसणारा प्रोग्राम) ठरवतो: हा भाग आधीच्या फ्रेममधून सरकवून घ्यायचा की शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजायचा.

एच.264 या व्हिडिओ आकसण्याच्या पद्धतीत (2003) मूळ तुकडा 16×16 पिक्सेलचा, त्याला मॅक्रोब्लॉक म्हणतात. तो 16×8, 8×16 किंवा चार 8×8 मध्ये फुटतो आणि 8×8 पुढे 4×4 पर्यंत. 1920×1080 मध्ये गंमत आहे: 1080 ला 16 ने नि:शेष भाग जात नाही. म्हणून आत 1088 ओळी कोड होतात आणि खालच्या 8 ओळी दाखवताना कापल्या जातात. 120 × 68, एकूण 8160 मॅक्रोब्लॉक. तिच्यानंतरच्या एचईव्हीसी (2013) मध्ये मोठा तुकडा 64×64 पर्यंत जातो आणि चतुर्थांशांत फुटत 8×8 पर्यंत येतो. त्याच चित्राला 30 × 17, म्हणजे 510 तुकडे पुरतात. एव्ही1 मध्ये 128×128 पासून 4×4 पर्यंत, शिवाय एका चौकोनाला फोडायचे दहा प्रकार. मोठ्या रिझोल्यूशनला नवे कोडेक, म्हणजे आकसण्याच्या या नव्या पद्धती, परवडतात त्यात या मोठ्या तुकड्यांचा वाटा बराच आहे. आकाश किंवा कोरी भिंत एका 64×64 मध्ये संपते, एच.264 ला तिथे 16 मॅक्रोब्लॉक लागतात.

किती फोडायचं याचा निकष एकच: चित्र किती बिघडतं, अधिक लॅम्डा (बिटांना दिलेलं वजन) गुणिले किती बिट खर्च होतात. ही बेरीज सर्वांत कमी जिथे येईल ते पार्टिशन. सगळे पर्याय तपासले तर वेळ फार जातो. एन्कोडरच्या प्रीसेटमध्ये जो "फास्ट" आणि "स्लो" असा फरक असतो, तो बराचसा किती पर्याय तपासले याचाच असतो.

बिघडतं कुठे? दवाखान्यात सीसीटीव्ही लावणार असाल तर कामाचं आहे. रात्री इन्फ्रारेडवर चित्रात दाणे येतात. एन्कोडरला ते दाणे म्हणजे बारीक तपशील वाटतो, तो तुकडे लहान-लहान करत जातो, प्रत्येक तुकडा किती आणि कुठे सरकला ते वेगळं लिहितो आणि खोलीत कुणी नसताना बिटरेट (दर सेकंदाला लागणारे बिट) दिवसापेक्षा वाढतो. कॅमेऱ्यातली नॉइज रिडक्शन वाढवा, बिटरेटला वरची मर्यादा घाला. जिथे बिटरेट आधीच बांधलेला असतो तिथे उलट होतं, दाण्यांवर बिट खर्च होतात आणि चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात.

एक्स264 हा एच.264 चा एन्कोडर वापरणाऱ्यांसाठी: पी4×4 (4×4 पर्यंत फोडण्याचा पर्याय) मुद्दाम चालू करू नका. कमी रिझोल्यूशनला थोडा फायदा दिसतो, 1080 ला वेळ जातो आणि हाती फारसं काही लागत नाही. म्हणूनच ते मुळात बंद असतं.

---

डिप्लोमा_सिव्हिल

थोडं अवांतर. आमच्या अभ्यासक्रमात "ब्रिक नॉगिंग" नावाचं फ्रेम पार्टिशन आहे. आता कुणी बांधतं का ते?

---

रंधा_करवत

नवीन कामात जवळपास नाही. लाकडी खांब 60 ते 90 सेंमी अंतरावर, त्यांच्यात आडव्या पट्ट्या तेवढ्याच अंतरावर, आणि खणात अर्ध्या विटेचं बांधकाम, दोन्ही बाजूंनी गिलावा. अडचण अशी की लाकूड आक्रसतं आणि मसाला लाकडाला चिकटत नाही, त्यामुळे प्रत्येक खांबाच्या कडेने उभी चीर येते. विटेला टेकणाऱ्या लाकडाच्या बाजूला डांबर लावायचं ते कुजू नये म्हणून. परीक्षेत हे लिहा, मार्क मिळतात.

आपल्याकडचा याहून हलका आणि जुना प्रकार कोकणातला कूड: लाकडी मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि वरून शेणमाती. पातळ, हलका, आणि खराब झालेला भाग तेवढाच काढून दुरुस्त होतो.

---

ओळंबा

यात एक गंभीर मुद्दा आहे. सांगाडा भार घेतो आणि भरण नुसतं उभं असतं, तेव्हा भरण सांगाड्याला बांधलेलं हवं. मराठवाड्यातल्या माळवदाच्या घरांत छत लाकडी खांब-तुळयांवर आणि भोवती दगड-मातीच्या जाड भिंती असत. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात त्या भिंतींनी माणसं दडपली, काही घरांत लाकडाचा सांगाडा मात्र उभा राहिला. काश्मीरमधली धज्जी देवारी याच्या उलट: लाकडाचे छोटे-छोटे खण, तिरक्या पट्ट्या आणि त्यात पातळ भरण. भूकंपात तडे जातात, पण खण आपापल्या जागी राहतात. 2005 च्या भूकंपात ही घरं तुलनेने चांगली टिकली.

---

सातेरी

मधमाशापालनातही चौकट आणि पार्टिशन आहे, ते राहून जाऊ नये. पेटीत माश्यांच्या संख्येच्या मानाने चौकटी (ज्यांत माश्या पोळं बांधतात त्या) जास्त असतील तर रिकाम्या पोळ्यांत मेणकिडा शिरतो. घाटावर पावसाळ्यात फुलोरा नसताना वसाहत आकसते, तेव्हा माश्यांनी न झाकलेल्या चौकटी काढून घ्यायच्या आणि शेवटच्या चौकटीनंतर डमी बोर्ड, म्हणजे नुसती फळी, उभा करायचा. माश्यांना ऊब राखायला जागा कमी उरते, साखरेचा पाकही माश्यांच्याच बाजूला द्यायचा. बोर्ड आणि चौकट यांत 7 ते 9 मिमी सोडा. जास्त सोडलं तर माश्या मध्ये वेडंवाकडं पोळं बांधतात.

---

शून्य_गिलावा

सगळ्यांचे आभार. 70 मिमी स्टड, दोन-दोन थर, आत रॉकवूल, स्लॅबपर्यंत, असं नक्की करतोय आणि नव्याने कोटेशन मागवतोय. शेवटचा प्रश्न: वायरिंग कधी करायचं?

---

ओळंबा

एका बाजूचा बोर्ड लागल्यावर, दुसरी बाजू उघडी असताना. स्टडला कारखान्यातूनच भोकं असतात, सगळे स्टड एकाच दिशेने उभे केले तर ती एका रेषेत येतात आणि पाइप सरळ जातो. भोकाची कड धारदार असते, नुसती वायर ओढू नका, कंड्यूट घाला. स्विचबोर्डाचे डबे दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून बसवू नका. तिथे बोर्ड दोन्हीकडून कापला जातो आणि आवाज त्याच भोकातून जातो. मध्ये निदान एक स्टड येऊ द्या, डब्याच्या मागेही लोकर भरा. दुसरा बोर्ड लावण्याआधी उघड्या सांगाड्याचे टेपसकट फोटो काढून ठेवा, पुढे काही टांगायचं झालं की स्टड कुठे आहे ते त्यावरून सापडतं.